काचपट्टी ते 720 बाय 576

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या ठाकूरदेव यात्रेचे फोटो डीव्हीडीवर घालून टीव्हीवर दाखवायचे, तर ते किती पिक्सेलचे करावेत? जाणकार 768 बाय 576 सांगतात. डीव्हीडीची चौकट मात्र 720 बाय 576 ची. या तफावतीचा माग काढायला आपण 1892 च्या कल्याणला जाऊ. महादेव गोपाळ पटवर्धनांनी तिथे ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. ख्रिस्तियान हायगेन्सने 1659 च्या सुमारास बांधलेल्या जादूच्या कंदिलाचे हे मराठी घराणे: दिवा, भिंग आणि मध्ये हाताने रंगवलेली काच. पौराणिक कथेतले पात्र पडद्यावर मोठे झाले की कुंचल्याची चूकही तितकीच मोठी होई, म्हणून बारकावा काचेवरच उतरवावा लागे. आपल्या चित्रपट-इतिहासात पटवर्धनांच्या वाट्याला एखादी ओळ येते. त्यांचा हक्क त्याहून मोठा आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत त्याचा सहायक डिक्सन याने 35 मिलिमीटर फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट धरली. तिचे 4:3 हे प्रमाण पुढे टीव्हीने उचलले. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा आपल्याकडे 625 ओळींची पद्धत होती. त्यांतल्या 576 ओळींवर चित्र दिसे. मग 1982 आले. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी टीव्हीचे चित्र आकड्यांत बदलण्याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. अमेरिकेच्या 525 ओळी आणि आपल्या 625, दोन्हींना एकच माप चालावे म्हणून प्रत्येक ओळीत 720 नमुने धरले गेले. या तडजोडीत पिक्सेल चौरस राहिला नाही. 1996 मध्ये जपानात अवतरलेल्या डीव्हीडीने हा वारसा जसाच्या तसा घेतला.

कॅमेऱ्याचा पिक्सेल मात्र चौरस. म्हणून आपण फोटो 768 बाय 576 चा करायचा, सॉफ्टवेअर तो 720 मध्ये दाबते आणि टीव्ही पुन्हा पसरवतो. रुंद पडद्यासाठी 1024 बाय 576. फोटोत झूम करून शिरायचे असेल तर दोन्ही मापे दुप्पट. छपाईसाठीचा 300 डीपीआय इथे निरुपयोगी. जुन्या टीव्हीच्या कडा चित्र खातात, तेव्हा माणसांची डोकी काठाला नकोत. फोटोत बांबूची चटई असेल, तर तिची वीण टीव्हीवर आळीपाळीने उमटणाऱ्या सम-विषम ओळींच्या खेळात लुकलुकते. ती किंचित मऊ करावी लागते.

हे सारे करायचे ते प्रतीवर, मूळ फोटोवर कधीही नाही. 3000 बाय 2000 च्या फोटोत 60 लाख पिक्सेल असतात, डीव्हीडीच्या चौकटीत जेमतेम 4 लाख 15 हजार. 2021 नंतर सूरजागडच्या लोहखनिजाच्या उत्खननाला वेग आला आणि डोंगराचा आकार बदलत चालला. त्याआधीच्या यात्रेच्या फोटोंत माणसांमागे जुनी कड आणि तिच्यावरची झाडे आहेत. ती झाडे मोजता येतील ती मूळ फाइलमध्ये, 576 ओळींत नाही.