अंधाऱ्या खोलीतले शब्द

मोडी पत्रांच्या प्रती जमवण्याचा नाद मला वीस वर्षांपासून आहे. सुरुवातीच्या काळात एका घराण्यातले पत्र मी स्कॅन केले. डाग जावेत म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला, त्याच फाइलवर सेव्ह केले आणि कागद परत दिला. पुढे पत्राचा काळ ठरवताना अडलो. 'छ' या अक्षरापुढे १ दिसत होता. त्याच्या शेजारी फिकट असा दुसरा १ होता, की डागच होता? चंद्र १ की ११? पुन्हा पाहायला गेलो, तर तो कागद वाळवीने खाल्ला होता. चूक सर्वस्वी माझी. जे शब्द मी सहज दाबत होतो, त्यांचा इतिहास त्यानंतर वाचू लागलो.

१९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. उभे १७६, आडवे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. एका फेरीत प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा एवढीच नोंद होई. या ठिपक्याचे 'पिक्सेल' हे नाव छापील मजकुरात आले १९६५ मध्ये, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या फ्रेडरिक बिलिंग्जली यांच्या लेखनातून.

बाकीचे बरेच शब्द मात्र डार्करूममधून आले. १९९० साली बाजारात आलेले फोटोशॉप तयार करणारे थॉमस आणि जॉन नोल हे बंधू वडिलांच्या डार्करूममध्ये वावरलेले. एन्लार्जरखाली प्रकाश अडवून एखादा भाग उजळ ठेवणे म्हणजे 'डॉज', जास्त प्रकाश देऊन तो गडद करणे म्हणजे 'बर्न'. 'अनशार्प मास्क' हे नाव तर उलटेच वाटते. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावर ठेवून छापले, की कडा उठून दिसत. आजचा संगणकही तेच गणिताने करतो. त्यातून नवा तपशील मिळत नाही. असलेली कड तेवढी ठळक होते. डागाची कडही ठळक होते, हे आपण विसरतो.

'जेपेग' हे १९९२ चे मानक. त्यात चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतात. चेहऱ्याच्या फोटोत ते खपून जाते. बोरूच्या बारीक फराट्याभोवती मात्र धुरकट ठिपके उमटतात. 'इंटरपोलेशन' म्हणजे चित्र मोठे करताना शेजारच्या पिक्सेलांवरून मधले पिक्सेल अंदाजाने भरणे.

इथे मला आपल्या साधनग्रंथांची शिस्त आठवते. फाटलेल्या जागी तर्काने घातलेले अक्षर संपादक कंसात घालतो, म्हणजे पत्रातले कोणते आणि संपादकाचे कोणते, हे वाचकाला कळते. संगणक असा कंस घालत नाही. तो आपणच घालायचा असतो.

म्हणून आता पहिले स्कॅन मी टिफमध्ये ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. काम करतो ते प्रतीवर. काय उजळले, काय पुसले, ते वहीत लिहितो. त्या जुन्या पत्राची माझी नोंद मात्र आजही अशीच आहे: छ १[१?].