इनबोर्ड डिझेल इंजिनाचे अतितापन

इनबोर्ड डिझेल इंजिनाचे अतितापन म्हणजे नौकेच्या सांगाड्यात बसविलेल्या डिझेल इंजिनाचे तापमान उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे जाणे. हा स्वतंत्र बिघाड नसून शीतन प्रणाली, वंगण किंवा इंजिनावरील भार यांतील एखाद्या दोषाचे लक्षण होय. त्यामुळे तापमान उतरल्यावर इंजिन पुन्हा सुरू करणे हा उपाय ठरत नाही. मूळ कारण शोधणे आवश्यक असते. भर समुद्रात इंजिन बंद पडल्यास नौका वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन होते. म्हणूनच या दोषाचे निदान हा सागरी सुरक्षिततेचाही विषय आहे.

पार्श्वभूमी

डिझेलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणपणे एकतृतीयांश ते ४०% भागाचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते. उरलेली बहुतेक उष्णता निकास वायूंबरोबर आणि शीतन प्रणालीद्वारे बाहेर जाते. मोटारगाडीत हे काम रेडिएटर व वाऱ्याचा झोत करतात. नौकेचे इंजिन मात्र बंदिस्त कक्षात असते, त्यामुळे तेथे भोवतालच्या पाण्याचाच उपयोग करावा लागतो.

शीतन प्रणालीचे प्रकार

प्रत्यक्ष शीतन: समुद्राचे किंवा नदीचे पाणी थेट इंजिनातील पोकळ्यांतून फिरविले जाते. रचना सोपी असली तरी खाऱ्या पाण्यामुळे गंज चढतो व क्षारांचे थर बसतात. अधिक तापमानास क्षार वेगाने साचतात, म्हणून अशा इंजिनातील थर्मोस्टॅट सुमारे ६०° सेल्सिअसच्या आसपास उघडणारा असतो.

अप्रत्यक्ष शीतन: इंजिनात गोडे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजेच शीतक, बंद परिपथात फिरते. उष्णता-विनिमयकात (म्हणजे नळ्यांचा जुडगा असलेल्या पात्रात) ते आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देते. या इंजिनांचे नेहमीचे तापमान साधारण ७५° ते ९०° सेल्सिअस असते.

तळशीतन: शीतक नौकेच्या तळाशी बाहेरून बसविलेल्या नळ्यांतून फिरते. गाळ आत शिरण्याचा धोका यात टळतो. परंतु नळ्यांवर शैवाल व शिंपले वाढल्यास उष्णतेचे वहन मंदावते.

पहिल्या दोन प्रकारांत समुद्राचे पाणी तळझडप, गाळणी, रबरी इम्पेलरचा पंप, उष्णता-विनिमयक (असल्यास) व निकास नळीचा एल्बो अशा मार्गाने जाते. एल्बोमध्ये ते निकास वायूंत मिसळते व त्यांना थंड करून त्यांच्यासह बाहेर पडते. निकास नळीतून पडणारी पाण्याची धार हे म्हणूनच निदानाचे सर्वांत सोपे साधन ठरते. तळशीतनाच्या नौकांत निकास बहुधा कोरडा असतो. तेथे ही खूण उपलब्ध नसते.

लक्षणे

तापमापकाचा काटा चढणे व धोक्याची घंटा वाजणे ही उघड लक्षणे होत. त्याआधी निकासातील पाण्याची धार बारीक होणे, पांढरी वाफ दिसणे, निकासाचा आवाज कोरडा व मोठा होणे आणि जळक्या रबराचा वास येणे, अशा खुणा दिसू शकतात. समुद्राच्या पाण्याचा पुरवठा अचानक थांबल्यास रबरी निकास नळी प्रथम करपते. शीतकाचे तापमान वाढून घंटा वाजेपर्यंत काही वेळ जातो. यासाठी काही नौकांवर निकासाच्या तापमानाचा वेगळा इशारादर्शक बसवितात.

भारावर चाललेले इंजिन एकाएकी बंद केल्यास शीतकाचे अभिसरण थांबते आणि काटा थोडा वेळ वर चढतो. हा दोष मानला जात नाही. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे इंजिन मंद गतीने चालविल्यास असे होत नाही.

तातडीची कृती

इशारा मिळताच गती कमी करून गिअर तटस्थ केला जातो व निकास तपासला जातो. पाणी येत असल्यास मंद गतीवर तापमान उतरते का, हे पाहता येते. पाणी मुळीच येत नसल्यास किंवा तेलाचा दाब घसरला असल्यास नौकेच्या सुरक्षिततेचा विचार करून इंजिन शक्य तितक्या लवकर बंद करावे लागते. उथळ पाण्यात किंवा खडकांजवळ त्याच वेळी नांगर टाकण्याची तयारी ठेवावी लागते.

गरम इंजिनाच्या शीतकटाकीचे झाकण उघडणे अत्यंत धोकादायक असते. दाबाखालील शीतक १००° सेल्सिअसच्या वरही द्रवरूप राहू शकते. झाकण उघडताच दाब नाहीसा होऊन ते उकळत उसळते व गंभीर भाजण्याची शक्यता असते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूस तडे जाऊ शकतात.

दोषशोधनाचा क्रम

सोप्या व वारंवार आढळणाऱ्या कारणांपासून अवघड कारणांकडे जाणे, हे दोषशोधनाचे तत्त्व आहे. पाण्याच्या पातळीखालील गाळणी किंवा पंप उघडण्यापूर्वी तळझडप बंद करणे अनिवार्य आहे, अन्यथा नौकेत पाणी शिरते.

१. तळझडप व प्रवेशमुख: झडप अर्धवट बंद राहणे किंवा प्रवेशमुखावर प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा वा शैवाल अडकणे.

२. गाळणी: कचरा साचणे. झाकणाची रबरी चकती सैल असल्यास पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

३. इम्पेलर: याच्या लवचिक पात्यांना पाण्याचेच वंगण मिळते. पंप कोरडा चालल्यास ती अल्पावधीत झिजतात वा तुटतात. तुटलेले तुकडे पुढे विनिमयकाच्या तोंडाशी अडकतात. म्हणून केवळ नवा इम्पेलर बसविणे पुरेसे नसते. जुन्याचे सर्व तुकडे मिळाले की नाहीत, हे पाहावे लागते.

४. पट्टा: पंप पट्ट्यावर चालत असल्यास तो सैल किंवा तुटलेला असणे.

५. शीतकाची पातळी: गळकी नळी, सैल पकड किंवा दाब न धरणारे झाकण यांमुळे ती घटते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पातळी तपासतात.

६. थर्मोस्टॅट: बंद अवस्थेत अडकणे. तो काढून पाण्याच्या भांड्यात तापमापकासह तापविल्यास ठरलेल्या तापमानास उघडतो की नाही, हे कळते.

७. उष्णता-विनिमयक व एल्बो: क्षार, गंज किंवा झिजलेल्या जस्ताच्या कांडीचे तुकडे साचणे. येथे बिघाड हळूहळू वाढतो. प्रथम केवळ पूर्ण गतीस तापमान चढते, नंतर मध्यम गतीसही.

८. अतिभार: प्रॉपेलरभोवती दोरी वा जाळे गुंडाळले जाणे, तळावर बार्नेकल वाढणे किंवा प्रॉपेलर इंजिनाच्या शक्तीस न जुळणारा असणे. अशा वेळी इंजिन कमाल फेरे गाठत नाही व काळा धूर सोडते, मात्र पाण्याची धार व्यवस्थित असते.

९. हेड गॅस्केट: शीतकटाकीत सतत बुडबुडे येणे, शीतक अकारण कमी होणे किंवा तेल दुधाळ दिसणे. हा दोष अतितापनाचे कारण तसाच परिणामही असू शकतो.

सर्व भाग ठीक आढळल्यास तापमापक व त्याचा संवेदक यांची पडताळणी दुसऱ्या तापमापकाने केली जाते.

परिणाम

दुर्लक्ष झाल्यास सिलिंडरचे हेड वाकते, गॅस्केट फुटते, वंगण पातळ होते आणि अखेरीस दट्ट्या सिलिंडरमध्ये जखडतो. निकास नळी जळाल्यास विषारी वायू व पाणी नौकेत शिरू शकतात. दुरुस्तीनंतर इंजिन चटकन सुरू न झाल्यास वारंवार स्टार्टर फिरविणेही घातक ठरते. पंप पाणी ढकलत राहतो, परंतु ते बाहेर फेकण्यास निकास वायू नसतात. ते साचून सिलिंडरमध्ये शिरू शकते. यासाठी अशा प्रयत्नांच्या वेळी तळझडप बंद ठेवून इंजिन सुरू होताच ती उघडली जाते.

प्रतिबंध

प्रत्येक सफरीपूर्वी शीतक, तेल व पट्टा पाहणे, इंजिन सुरू होताच निकासातील धार तपासणे आणि गाळणी नियमित साफ करणे ही प्राथमिक दक्षता होय. इम्पेलर व जस्ताची कांडी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलतात. सुटा इम्पेलर, पट्टा, शीतक व आवश्यक पाने नौकेवर ठेवणे उपयुक्त असते.

कोकण किनाऱ्यावरील संदर्भ

महाराष्ट्र व गोव्यातील यांत्रिक मासेमारी नौका, तसेच मुंबईहून घारापुरी व मांडव्याकडे जाणाऱ्या प्रवासी लाँच यांत इनबोर्ड डिझेल इंजिने वापरली जातात. खाड्यांतील गाळ आणि तरंगता प्लास्टिक कचरा यांमुळे गाळणी तुंबणे व इम्पेलर झिजणे येथे संभवते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात, त्यामुळे तळ खरवडणे, तळझडप उघडून पाहणे व शीतनमार्ग साफ करणे या कामांस हीच वेळ सोयीची ठरते.

हेही पहा

डिझेल इंजिन
उष्णता-विनिमयक
थर्मोस्टॅट
प्रॉपेलर