बिऱ्हाडाची घोडी

आपल्या समाजाच्या स्मरणिकांच्या मुखपृष्ठावर घोडा बहुधा असतोच. त्याच्यावर सुभेदार मल्हारराव होळकर आरूढ झालेले असतात, हाती भाला असतो, आणि घोड्याचा पुढचा पाय उचललेला असतो. ते यथोचितच आहे. परंतु जुने अंक चाळीत असता एक गोष्ट आमच्या मनास सलत राहिली. ज्या घोडीने आपल्या आजा-पणजांची भांडीकुंडी, वाकळा आणि तान्ही मुले पाठीवर वाहिली, तिचे चित्र तर नाहीच, पण तिच्याविषयी दोन ओळीही कोठे आढळत नाहीत. वास्तविक मुखपृष्ठावरील घोडा आणि बिऱ्हाडाची घोडी ही एकाच भूमीची लेकरे होत. तेवढे सांगण्याकरिता हा लेखनप्रपंच.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठी, तसेच नीरा आणि माण ह्या तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत निपजणाऱ्या तट्टास भीमथडी हे नाव पडले. हा मुलूख अल्प पावसाचा, खुरट्या गवताचा आणि खडकाळ माळांचा. तेथे थोराड, देखणे जनावर टिकावे कसे? टिकले ते सव्वाचार फुटांच्या आसपासचे, आखूड पाठीचे, घट्ट खुरांचे आणि मिळेल त्यावर गुजराण करणारे तट्टू. अरबी किंवा इराणी घोड्यापुढे ते अगदीच सामान्य दिसे; परंतु मराठ्यांचे स्वार दिवसच्या दिवस दौड करीत ते प्रामुख्याने अशाच तट्टांच्या जोरावर. मल्हाररावांचा जन्म १६९३ मध्ये नीरेकाठच्या होळ गावी झाला. मेंढ्या राखणारा हा मुलगा पुढे स्वार झाला, आणि १७३७ मध्ये बाजीरावांच्या फौजा दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकल्या तेव्हा त्यांत तो मोठा सरदार म्हणून होता.

त्या काळी स्वार दोन प्रकारचे असत. ज्यास घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई तो शिलेदार. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे आणि पाऊस लागण्याच्या सुमारास परत येई. म्हणजे मृगापासून दसऱ्यापर्यंत शिलेदाराचे घोडे त्याच्या घरच्या दावणीस, बैलांच्या शेजारी उभे असे. मग शेतात ते काय काम करी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

नांगर तर त्याने ओढला नाही. इंग्लंड-अमेरिकेत ट्रॅक्टर येईपर्यंत शेतकऱ्यांचे नांगर घोडेच ओढीत, हे आपण पुस्तकांत वाचतो. आपल्याकडे तसे घडले नाही, ह्यात आपल्या लोकांचे मागासलेपण मुळीच नाही. बैलाच्या मानेवर वशिंडापुढे जू ठेवले की काम झाले. घोड्याच्या मानेवर तेच जू ठेवले तर त्याचा श्वास कोंडतो. त्यासाठी निराळा, गादीचा पट्टा लागतो. शिवाय बैल रवंथ करणारा, ज्वारीच्या कडब्यावर भागवितो. कष्टाच्या घोड्यास वैरणीबरोबर हरभऱ्याची चंदी द्यावी लागते. चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्यास हे परवडणार कोठून? आणि माणदेशात खिलारासारखा बैल असता घोड्यास नांगरास जुंपावयाचे तरी कशाला? म्हणून लहान शेतकऱ्याच्या घरी घोडे असलेच तर ते बाजाराला जाण्यास, धान्याचे पोते आणण्यास, लेकीस सासरी पोहोचविण्यास. शेतीत घोड्याचे खरे काम होते ते आपल्या वाड्यांबरोबर.

वाडा म्हणजे येथे दगडी इमारत नव्हे, हे शहरात वाढलेल्या आमच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. मेंढ्यांची खांडे घेऊन एकत्र फिरणारी चार-सहा बिऱ्हाडे म्हणजे वाडा. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे वाडे घाट उतरून कोकणात जात. सांगोला, माळशिरस, मंगळवेढ्याकडील कित्येक भीमा-कृष्णेच्या बागाईत पट्ट्याकडे वळत. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत जिरे; गाडी नको, उकिरडा नको. मोबदला धान्याने अथवा रोखीने मिळे. परंतु एका रानात मेंढ्या एक-दोन रात्रीच बसावयाच्या. तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचलणे भाग, आणि बिऱ्हाड उचलावयाचे ते घोडीने. घोडीने नांगर ओढला नाही हे खरे. पण शेकडो लहान शेतांना खत पोहोचले ते तिच्या पाठीच्या आधाराने.

घोडी लादणे ही बायकांची विद्या होती. पुरुष मेंढ्या घेऊन पहाटेच पुढे निघून जात. मागे बाया प्रथम घोडीच्या पाठीवर जुने घोंगडे चौघडी करून घालीत, त्यावर खोगीर; दोन्ही बाजूंस ओझे समतोल होईल अशा बेताने पिठाचे गाठोडे, पातेली, तवा, वाघुराची जाळी; मग दोराने सर्व आवळून वर वाकळा. त्या वाकळांवर रात्री जन्मलेली कोकरे, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि पुष्कळदा चालता न येणारे मूल. ओझे एका अंगास कलले तर घोडीची पाठ सोलली जाई, आणि पाठ सोललेली घोडी म्हणजे महिनाभर अडलेले बिऱ्हाड. आमच्या आजीच्या हातची गाठ दिवसभराच्या वाटचालीत ढिली झालेली आम्ही पाहिली नाही. लगाम बहुधा नसेच; घोडी वाट जाणून मेंढ्यांच्या मागोमाग चाले.

आपल्या दैवतालाही घोडा प्रिय. सोलापूरनजीक बाळ्याला चंपाषष्ठीस जो खंडोबाचा उत्सव भरतो, तो देव घोड्यावर बसणारा, आणि बाणाईच्या प्रेमाने तिच्या घरी मेंढ्या राखणारा. सुभेदार आणि मेंढपाळ ही दोन्ही रूपे देवाने लाज न बाळगता धारण केली.

लाज आम्ही बाळगली. शाळेत असताना एकदा आमचा वाडा गावाच्या शिवारात उतरला होता. आई घोडी घेऊन शाळेसमोरून निघाली, वर धाकटी बहीण बसलेली. मुले हसू लागली, आणि “ही कोणाची?” असे एकाने विचारताच, “ठाऊक नाही,” असे उत्तर आम्ही दिले. आईने ते ऐकले की नाही हे तिने कधी सांगितले नाही. आम्हीही कधी विचारले नाही. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. निम्म्याहून अधिक मेंढ्या गेल्या, घरची माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, मुलांना सुकडी मिळू लागली, आणि घोडी विकली गेली. आमच्या घरची ती शेवटची घोडी. नंतर आम्ही मास्तर झालो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, उसाचे क्षेत्र वाढले, चराऊ माळ आणि वाटा आखडल्या. रासायनिक खत आले. बिऱ्हाड टेम्पोतून जाऊ लागले. अकलूजला बाजार समितीतर्फे दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तेथे मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोड्यांभोवती गर्दी असते. त्या बाजारात भीमेकाठच्या तट्टास विचारणारा विरळाच.

मात्र एक घटना आनंदाने नमूद केली पाहिजे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ ह्या वर्षात भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. त्यापूर्वी मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्कारी, भूतिया आणि कच्छी-सिंधी ह्या सातच जातींस ही मान्यता होती. ज्या जनावराने दिल्ली पाहिली त्यास कागदावर जात मिळावयास इतकी वर्षे लागली! आणि ते कागदावर येईपर्यंत शिल्लक राहिले कोठे, तर राजवाड्यांच्या पागांत नव्हे; वाड्यांवर, वाकळा वाहत. ज्या बंधु-भगिनींनी हालअपेष्टा सोशीत घोडी बाळगली, त्यांच्यामुळे ही नोंद होऊ शकली. आता चांगल्या घोड्या निवडून त्याच जातीचे नर लावणे, शिंगरे परक्या जातीशी मिसळू न देणे, ही कामे शिल्लक आहेत. ती आपल्या संघटनेने अंगावर घ्यावीत असे आम्हांस वाटते. वधू-वर मेळाव्यास जेवढा खर्च होतो त्याच्या चौथाईतही पुष्कळ होईल.

संपादक मंडळास एक विनंती. पुढील अंकात चार पाने ह्या विषयास द्यावीत. ज्यांच्या घरी जुने खोगीर, घोडीची घुंगुरमाळ अथवा लादलेल्या घोडीचे छायाचित्र असेल, त्यांनी ते समाजाच्या कार्यालयात आणून दाखवावे. आणि घोडी लादण्याची गाठ ज्या वृद्ध मातांना अद्याप येते, त्यांच्या हातून ती एकदा बांधून घेऊन तिचे चित्र काढून ठेवावे. आमच्या आजीची गाठ आम्ही शिकून घेतली नाही.