मोहाडी परिसरातील ग्रामीण अग्निसुरक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भंडारा-तुमसर मार्गावरील मोहाडी हे धान आणि कोसा यांच्या प्रदेशातील तालुक्याचे ठिकाण होय. येथील ग्रामजीवनात घर, गोठा, खळे आणि व्यवसाय यांची फारकत कधीच झाली नाही. त्यामुळे आगीचे संकट हे एकाच वेळी निवारा, पशुधन आणि उपजीविका यांवरील संकट ठरते. प्रस्तुत लेखात या संकटाच्या निवारणाची जबाबदारी कालौघात कोणाकडे राहिली, याचा विचार केला आहे.

परंपरागत व्यवस्था :
ग्रामीण अग्निसुरक्षेचा विचार भारतात प्राचीन आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त उन्हाळ्यात ग्रामस्थांनी घराबाहेर स्वयंपाक करावा, पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, आकडा व चामड्याची पखाल जवळ बाळगावी, अग्नीवर चालणारे व्यवसाय एका जागी असावेत, असे नियम असून ते मोडणाऱ्यास दंड सांगितला आहे. येथे आग ही दैवी आपत्ती मानली असली, तरी तिचे निवारण हे मानवी कर्तव्य मानले आहे, ही बाब लक्षणीय आहे.

भंडारा जिल्ह्यात या कर्तव्याला तलावांचा आधार होता. गोंड राजवटीत प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधलेले तलाव सिंचनासाठी होते. तथापि गावालगतचा हा साठा आगीच्या प्रसंगीही हाताशी असे. मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० अन्वये मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे गेले. मालगुजारीचा अंत न्याय्यच होता. परंतु तलावांच्या देखभालीची स्थानिक चौकट त्याबरोबर सैल झाली.

धोक्याचे स्वरूप :
कापणीनंतर धानाचे पुंजणे मळणी होईपर्यंत खळ्यावर रचलेले असते. एका ठिणगीने संपूर्ण हंगाम नष्ट होऊ शकतो. जनावरांसाठी साठविलेली तणस गोठ्याला लागून असते. मोहाडी व आंधळगाव येथील कोसा विणकरांच्या घरी कोष उकळण्याची चूल, सूत आणि हातमाग एकाच छपराखाली नांदतात. धान गिरण्यांत कोंडा व बारदाना यांचे ढीग असतात. वीज आल्यावर चूल आणि बिडी या जुन्या कारणांत सदोष जोडणी व लोंबकळत्या तारा यांची भर पडली.

कायद्याची वाटचाल :
१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आग विझविण्यास साहाय्य करणे आणि आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे ग्रामपंचायतीच्या कार्यसूचीत घातले. मात्र १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी वेगळे चित्र निर्माण केले. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे; पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही. मोहाडीला आता नगरपंचायत असल्याने गावाच्या शिवेवरच ही घटनात्मक सीमारेषा येऊन ठेपली आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा महत्त्वाचा टप्पा होय. त्याने इमारतीच्या मालक व भोगवटादारांवर यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची आणि वर्षातून दोनदा तसे प्रमाणपत्र सादर करण्याची जबाबदारी टाकली. परंतु या कायद्याचा विषय इमारत हा आहे. उघड्यावरील पुंजणे ही इमारत नव्हे. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ तरतुदींतही काढणीपश्चात संरक्षण चक्रीवादळ व अवेळी पाऊस यांपुरते होते. म्हणजेच पीक सर्वाधिक ज्वलनशील असते, त्याच काळात शेतकरी सर्वाधिक असुरक्षित राहतो.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा बालके दगावली. जिल्ह्याच्या मुख्यालयीही कायद्याचे अस्तित्व पुरेसे ठरत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. मग जेथे अग्निशमन केंद्रच दूर आहे, त्या खेड्यांत पहिली काही मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात.

निष्कर्ष :
१) ग्रामीण अग्निसुरक्षेची जबाबदारी गावाकडून शासनाकडे सरकली, परंतु त्या प्रमाणात साधने गावापर्यंत पोहोचली नाहीत.
२) खळे व तणशीचे ढीग घरापासून आणि वीजतारांपासून दूर ठेवणे, पुंजणी एकमेकांना न चिकटविणे, बोडी व तलावांवर पंप सज्ज ठेवणे हे उपाय अल्पखर्चिक आहेत.
३) अकराव्या अनुसूचीत अग्निशमनाचा समावेश आणि खळ्यावरील धानाला विमासंरक्षण यांचा विचार धोरणकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.