सहलीच्या फोटोत मावशी कुठे आहेत?



मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी वारल्या. दहाव्याला ठेवायला फोटो शोधू लागलो, तेव्हा लक्षात आलं की घरात त्यांचा एकटीचा एकही धड फोटो नाही. मग आमची वेरूळची सहल आठवली. पापड-मसाल्याच्या पाकिटांचे फोटो काढायला गटाने एक डिजिटल कॅमेरा घेतला होता, तो मी सोबत नेला होता. सकाळची वेळ, कैलास लेण्यासमोर आम्ही सगळ्या ओळीने उभ्या. मावशी मागच्या रांगेत. फोटो मीच काढला आणि त्यात त्यांचा चेहरा सावलीत काळा पडला होता.

घरच्यांनी तो फोटो एका स्टुडिओत दिला. तिथे चेहरा कापून मोठा केला, उजळ केला, सुरकुत्या पुसल्या, कपाळावरचं गोंदणसुद्धा गेलं. फ्रेम घरी आली आणि त्यांच्या नातीने विचारलं, "ही कोण?"

त्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. मी वाचायला बसले, शिकायला लागले. आज तेच तुम्हाला सांगणार आहे. सहलीचा फोटो आला कुठून, आणि त्यातून आपण काय शिकायचं?

सुरुवात आपल्याच भागातून करू. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याला १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. अजिंठा-वेरूळच्या त्यांच्या फोटोंचं पुस्तक १८६४ साली लंडनला निघालं. त्या काळी फोटो काचेवर घ्यावा लागे आणि कॅमेरा तिवईवर ठेवावा लागे. एका फोटोमागे इतकी खटपट, त्यामुळे ऊन कुठून येतंय हे आधी बघावंच लागे. मी नेमकं तेच बघितलं नव्हतं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो. म्हणजे लेण्यासमोर उभ्या असलेल्या बायकांच्या पाठीमागे लख्ख आकाश आणि तोंडावर सावली. तोच फोटो दुपारनंतर काढला असता, तर मावशींचा चेहरा स्वच्छ दिसला असता.

म्हणून पहिली गोष्ट: बटण दाबण्याआधी चेहऱ्यावर उजेड आहे का ते बघा. नसेल तर माणसं फिरवून उभी करा. जागा बदलता येत नसेल, तर भर दिवसासुद्धा फ्लॅश चालू करा, जवळचे चेहरे उजळतात. अजिंठ्याच्या चित्रांपुढे मात्र फ्लॅश बंद. तिथे तो चालत नाही, चित्रांना त्रास होतो.

आता अमेरिकेत जाऊ. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. ते फोटो धुऊन, छापून, नवी फिल्म भरून परत देत. १९०० साली ब्राउनी कॅमेरा आला, तो फक्त एका डॉलरचा. तेव्हा फोटो स्टुडिओतून बाहेर पडला आणि समुद्रकिनाऱ्यावर, डोंगरावर, सुट्टीवर निघाला. कंपनीच्या जाहिरातींत कोण असायची माहीत आहे? हातात कॅमेरा घेऊन फिरायला निघालेली एक तरुणी! 'कोडॅक गर्ल' म्हणूनच ती ओळखली जायची.

जाहिरातीत कॅमेरा बाईच्या हाती होता. आपल्याकडे मात्र तो बहुतेक काकांच्या नाहीतर दादांच्या गळ्यात असायचा. ते म्हणणार, "तुम्ही इथं उभ्या राहा," आणि आपण उभ्या. उंच बायका मागे, म्हाताऱ्या मागे, लाजणाऱ्या तर खांबाआड. कॅमेरा माझ्या हाती आला, तरी मीही तेच केलं.

म्हणून दुसरी गोष्ट: सगळ्यांचा एक फोटो झाला की पुढे जाऊ नका. एकेकीचा वेगळा फोटो काढा, जवळ जाऊन. झूम ताणण्यापेक्षा चार पावलं चाला, चेहरा जास्त स्पष्ट येतो. डोळ्यांच्या उंचीवरून काढा. मावशी बसल्या असतील तर आपणही बसा. डोक्यामागून विजेचा खांब उगवलेला नाही ना, ते बघा. बटण आधी अर्धं दाबा, कॅमेऱ्याने चेहरा नीट पकडला की मग पूर्ण दाबा. फिल्मच्या काळात सांगायचे की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. त्याने चेहरा उजळतो खरा, पण ऊन थेट डोळ्यांत जाऊन सगळे डोळे मिचकावतात. ऊन थोडं बाजूने घ्या, किंवा झाडाच्या सावलीत उभं करा.

आता त्या उजळ केलेल्या चेहऱ्याकडे येऊ. रंगीत फोटो आले तेव्हा छपाईचे रंग बरोबर आहेत का ते तपासायला कोडॅक एक नमुन्याचा फोटो प्रयोगशाळांना द्यायची. त्यावर गोऱ्या कातडीची बाई असायची. त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. गोरा रंग बरोबर आला की सगळं बरोबर, असं धरलं जायचं. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे मात्र त्या फिल्मवर नीट उमटत नसत. पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्या, की आमच्या मालातले तपकिरी रंग फोटोत वेगळे दिसत नाहीत. तेव्हा कुठे फिल्म सुधारायला जोर आला. माणसांच्या चेहऱ्याआधी चॉकलेटची दखल घेतली गेली, बघा!

डिजिटल कॅमेरा जन्मला तोही कोडॅकमध्येच. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने तो जोडला. साडेतीन किलोच्या वर वजन, आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे थॉमस आणि जॉन नोल या भावांनी फोटोशॉप तयार केलं, ते १९९० साली बाजारात आलं. ते लोकांना दाखवताना जॉन जो फोटो वापरायचे, तो सहलीचाच होता: बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोरी बसलेली त्यांची मैत्रीण. म्हणजे संगणकावर फोटो बदलण्याची कला जगाला दाखवली गेली, तीसुद्धा सहलीच्या फोटोवरच.

तर तिसरी गोष्ट, दुरुस्तीची. आधी मूळ फोटोची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. तिरकी जमीन सरळ करा. कडेची नको असलेली गर्दी कापा. 'शॅडो' नावाची पट्टी थोडी सरकवली की फक्त सावलीतला भाग उजळतो, आकाश पांढरं होत नाही. इथे थांबा. कातडीचा रंग, सुरकुत्या, गोंदण यांना हात लावू नका. कचऱ्याची पिशवी फोटोतून काढली तर काही बिघडत नाही, पण माणूस बदलायचा नाही.

शेवटची गोष्ट पुन्हा गिलसाहेबांची. अजिंठ्याच्या चित्रांच्या त्यांच्या नकला लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ साली तिथे आग लागली आणि बहुतेक जळाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत एका छपराखाली होती. म्हणून सहलीहून आल्यावर फोटो दोन ठिकाणी ठेवा: एक कार्डावर किंवा संगणकावर, दुसरे पेन ड्राइव्हवर, तोही दुसऱ्या घरी. आणि फोटोला नाव द्या: कोण, कुठे, कोणतं साल. चांगले पाच-दहा छापून घ्या. कागदाला चार्जिंग लागत नाही.

मावशींचा मूळ फोटो माझ्या कार्डात अजून होता. मी तो स्वतः कापला, सावली थोडीशी उचलली, बाकी काही केलं नाही. फोटो जरा खरखरीत आला, पण कपाळावरचं गोंदण दिसलं. छापून त्यांच्या घरी घेऊन गेले. नात लांबूनच म्हणाली, "आजी."

पुढच्या सहलीला कॅमेरा आपल्यातल्या एकीच्या हाती द्या, आणि दर तासाला दुसरीकडे सोपवा. नाहीतर जी सगळ्यांचे फोटो काढते, तीच नेमकी एकाही फोटोत नसते.