न विचारलेला प्रश्न : अतिरक्तस्रावाचा इतिहास

१/ जानेवारी १९८९. ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांचे आजार. संशोधक : डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकारी. 🧵

२/ आजार नवा नव्हता. पाळीत अति किंवा दीर्घकाळ होणाऱ्या रक्तस्रावाला सुश्रुतसंहितेत ‘असृग्दर’ म्हटले आहे. त्यातून येणारा अशक्तपणा, भोवळ व शरीराचा फिकेपणाही तेथे नोंदवला आहे. खेड्यातील स्त्री यालाच ‘अंगावरून जाणे’ म्हणते.

३/ ‘अति’ म्हणजे किती? १९६६ मध्ये स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे हॉलबर्ग व सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या पाळीतील रक्त प्रत्यक्ष मोजले. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेल्यास रक्तक्षयाची शक्यता वाढते, असे दिसले. पुढे अनेक वर्षे हाच आकडा प्रमाण मानला गेला.

४/ भारतात मात्र मोजणे दूरच, कोणी विचारतही नव्हते. सरकारी आरोग्यसेवेच्या दृष्टीने स्त्री म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. घरोघरी पाळी म्हणजे ‘कावळा शिवणे’. माडिया वस्त्यांत त्या दिवसांसाठी गावाबाहेरचे कुर्माघर. ज्याचा उच्चारही होत नाही, त्याची नोंद कोठून होणार?

५/ बंग दांपत्याने ६५० स्त्रियांची मुलाखत व तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. सरासरी प्रत्येकीला ३.६ आजार. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. जंतुसंसर्गाबरोबरच पाळीचे विकार व रक्तक्षयही त्यांत होते.

६/ स्त्रीचे आरोग्य बाळंतपणापुरते नसते, हे या आकड्यांनी दाखवून दिले. १९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेत ‘प्रजनन आरोग्य’ ही व्यापक संकल्पना जगाने स्वीकारली. तिच्यामागील पुराव्यांत गडचिरोलीचा हा अभ्यास मोलाचा मानला जातो.

७/ पुढे व्याख्याही बदलली. २००७ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी मिलिलिटरऐवजी स्त्रीचा अनुभव प्रमाण मानला : ज्या रक्तस्रावाने तिचे जगणे अडते, तो अतिरक्तस्राव. म्हणजे मोजपात्रापेक्षा तिचा शब्द मोठा ठरला.

८/ उपायही वाढले. १९६२ मध्ये जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्तस्राव कमी करते. संप्रेरकयुक्त तांबीही उपयोगी पडते. गर्भाशय काढणे हा बहुधा अखेरचा पर्याय. तोच पहिला ठरला तर काय होते, हा प्रश्न २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांमुळे ऐरणीवर आला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

९/ १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. जिथे रक्त आधीच कमी, तिथे अतिस्राव दुहेरी घाव घालतो. सिकलसेल असल्यास लोहाच्या किंवा रक्तस्राव थांबवण्याच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. आधी तपासणी आवश्यक.

१०/ सात दिवसांहून लांबणारी पाळी, तासा-दोन तासांत भिजणारे कापड, मोठ्या गाठी, चढणारा दम : ही ‘बाईच्या जातीला असायचेच’ अशी लक्षणे नव्हेत. वसा-अमिर्झाच्या स्त्रियांना कोणीतरी प्रथमच नीट विचारले, आणि त्यांनी सांगितले. पुढचा सारा इतिहास तेथून घडला.