कढई, घाणा आणि एअर फ्रायर

एअर फ्रायर घ्यायचा म्हटलं की आपण किती लिटरचा, किती वॉटचा आणि सेलमध्ये कितीला, एवढं बघतो. माझं गाव नेर, यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथल्या घरासाठी हे यंत्र निवडताना मला आधी दुसराच प्रश्न पडतो: आपल्या घरातलं तळण रोजचं झालं कधी? कमी तेलात तळण्याची गरज वाटायला आधी घरात भरपूर तेल असावं लागतं, आणि ते आपल्याकडे फार जुनं नाही.

आपला जिल्हा कापसाचा. कापूस बाहेर गेला, सरकी मागे राहिली. सरकीत तेल असतं, पण त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्यही असतं. कारखान्यात शुद्ध केल्याशिवाय ते तेल खाता येत नाही. म्हणून सरकी आणि ढेप गुरांपुढे जायची. माणसांसाठी जवस, तीळ, भुईमूग, करडई, आणि ते गाळायला बैलाचा घाणा. जवसाच्या तेलाची धार भाकरी-ठेच्यावर छान लागते, पण ते कढईत बराच वेळ तापवलं की लवकर बिघडतं. तेल मोजकं असायचं, म्हणून कढई चढायची ती पोळ्याला, दिवाळीला, लग्नकार्याला. घरात कोणी गेलं असेल तर त्या वर्षी दिवाळीचं तळण होत नाही आणि फराळ शेजारीपाजारी आणून देतात, ही रीत आजही अनेक घरांत आहे. तळण म्हणजे घरात आनंद आहे याची खूण होती.

शेजारच्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. तिथल्या मगनवाडीत सुधारलेला वर्धा घाणा तयार झाला, धूर बाहेर काढणारी मगन चूल तयार झाली. ते लोक अवजार बघताना दोन गोष्टी एकत्र बघत: वापरणाऱ्याचे कष्ट किती वाचतात आणि पैसा गावात राहतो की बाहेर जातो. त्याच दशकात, १९३७ साली, डालडा बाजारात आला. घाण्याची खरी स्पर्धा आता कारखान्याशी होती.

आपल्या शेतात मोठा बदल झाला तो सोयाबीनमुळे. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं आणि पुढच्या काळात विदर्भात सोयाबीन झपाट्याने पसरलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. ते बैलघाण्यावर काढणं परवडत नाही, त्यासाठी द्रावक वापरणारा कारखाना लागतो. म्हणजे ज्या बियांचं तेल गावात गाळता येत नाही, असं तेलबियांचं पीक आपण शेतभर घेऊ लागलो. शेतकरी दाणे विकतो आणि किराणा दुकानातून तेलाची पिशवी विकत आणतो. त्यातच परदेशातून पाम तेल आलं. देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त खाद्यतेल आज आयात होतं. सणाची कढई मग बसस्थानकापासून घरातल्या चार वाजताच्या चहापर्यंत रोज चढू लागली.

एअर फ्रायर या टप्प्यावर येतो. पंख्याने गरम हवा फिरवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी १९४५च्या सुमारास विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला तशी भट्टी बनवली होती. फ्रेड व्हॅन डेर वेज या डच संशोधकाच्या कल्पनेवर आधारलेला एअर फ्रायर फिलिप्सने २०१० मध्ये बाजारात आणला. नावात फ्रायर असलं तरी ती पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. ती पदार्थाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडवते आणि त्याला खरपूस रंग आणते.

म्हणून घेण्याआधी आपल्या घरच्या पदार्थांची यादी करा. शेंगदाणे, पापड, बटाट्याच्या फोडी, तेलाचा हात लावलेली सांबारवडी हे जमतं. गोळाभजी, गुलगुले जमत नाहीत, कारण पातळ पीठ सेट व्हायच्या आधीच जाळीतून गळतं. वांगं भाजलं जातं, पण भरताला लागणारा धुराचा वास येत नाही. टोपलीत एकच थर नीट होतो, त्यामुळे पाच-सहा माणसांच्या घरात छोटं यंत्र दोन-तीनदा लावावं लागतं.

मग भिंत बघा. २३० व्होल्टवर ६ ॲम्पिअरचा साधा प्लग जास्तीत जास्त १३८० वॉट झेपवतो. बरेच एअर फ्रायर १४०० ते १५०० वॉटचे असतात, त्यांना १६ ॲम्पिअरचा पॉवर प्लग आणि जाड वायर हवी. शिवाय उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं, तर १४०० वॉटचं यंत्र साधारण ८५० वॉटच देतं. पुस्तिकेतली १५ मिनिटं मग २५ होतात आणि पदार्थ कुरकुरीत होण्याऐवजी वाळतो.

आता शेताकडे या. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात अनेक ठिकाणी भाव त्याच्या खाली होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क वाढलं की पिशवी महागते, घटलं की शेतकऱ्याची धास्ती वाढते. आपल्यासारख्या घरांत दोन्ही बाजू एकाच छताखाली जेवायला बसतात. घरात तेल कमी वापरलं म्हणून शेतकऱ्याचं नुकसान होईल ही भीती मात्र मला पटत नाही. एवढं तेल बाहेरून येत असताना आधी आयात कमी व्हायला जागा आहे. सोयाबीनचा भावही तेलावर जितका, तितकाच पेंडीच्या मागणीवर ठरतो.

म्हणून माझं मत असं: रोजच्या चार वाजताच्या तळणासाठी एअर फ्रायर जरूर घ्या, पॉवर प्लग असेल तरच. पोळ्याला आणि दिवाळीला मात्र कढईच चढवा, आणि त्या दिवशीचं तेल जमल्यास जवळच्या घाण्यावरून आणा. मगनवाडीतल्या लोकांनी विचारलेले दोन्ही प्रश्न त्या पिशवीलाही विचारता येतात.